न उघडलेल्या झडपेचा भरवसा

अणुवीज केंद्रातल्या पंपाची प्रकृती तो चालत असतानाच कळते. आवाज बदलतो, बेअरिंग तापते, मीटरचा काटा हलतो आणि पाळीवरचा माणूस सावध होतो. टर्बाइनचेही तसेच. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र काहीच बोलत नाही. बसवल्या दिवसापासून तो बंद असतो आणि सगळे सुरळीत चालले तर वर्षानुवर्षे बंदच राहतो. त्याच्या एका अंगाला दर चौरस सेंटिमीटरवर सत्तर किलोच्या आसपास दाबाची, २८५ अंश सेल्सियसच्या घरातली वाफ. दुसऱ्या अंगाला रिकामा पाइप. आणि मध्ये आरशासारखे घोटलेले धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले. दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत चढेल त्या क्षणी त्याने उघडायचे, लागेल तेवढी वाफ सोडायची आणि दाब उतरला की न गळता पुन्हा मिटायचे. हे तो करील, याची खात्री आज तो गप्प बसलेला असताना कशी द्यायची? हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती उभे आहे, आणि मराठीत तो इतका सविस्तर मांडलेला माझ्या वाचनात यापूर्वी आलेला नाही.

मीरा-भाईंदरकरांना हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. भाईंदरहून डहाणूच्या दिशेची गाडी धरली की साठेक किलोमीटरवर बोईसर येते आणि तिथून समुद्राकडे वळले की तारापूर अणुवीज केंद्र. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर मीरा-भाईंदर आणि तारापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा व्यापारी वीजपुरवठा सुरू झाला, तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडचे कोळीवाडे. आज भाईंदर पूर्वेला आणि काशीमिऱ्याला औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत. त्या गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात तसे यंत्रांचे सुटे भागही लेथवर उतरतात. तिथे काम करणारी मुले आयटीआयमधून येतात, मायक्रोमीटर वाचतात, मशीनचा आवाज ओळखतात. पण आपण घासून गुळगुळीत केलेल्या झडपेच्या सीटवर पुढे किती जणांचा भरवसा टेकणार आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. लेखकाने हे पुस्तक त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. मीही ही प्रस्तावना त्यांच्यासाठीच लिहीत आहे.

या झडपेचा इतिहास जुना आहे. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे शिजवणारे एक बंद भांडे मांडले आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्यावर वजन लावलेल्या तरफेची झडप बसवली. आपला प्रेशर कुकर याच भांड्याच्या वंशातला. कुकरची शिटी रोज वाजते, म्हणून ती बिघडली की लगेच कळते. झाकणावरचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र शिटी तुंबेल त्या दिवशीच कामाला येतो, म्हणून तो बदलायचा हे घरोघर विसरले जाते. या पुस्तकातले बहुतेक धोके याच विस्मरणाच्या जातीचे आहेत.

पापिनच्या तरफेचा दोष लवकरच उघड झाला. वजन थोडे सरकवले की झडप उशिरा उघडे आणि इंजिनाला जास्त जोर मिळे. आगगाडीचे चालक ती तरफ बांधून ठेवत, तिच्यावर जादा वजन टाकत, आणि बॉयलर फुटत. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम याने स्प्रिंगचा असा व्हॉल्व्ह काढला की चालकाने तरफ ओढली किंवा दाबली तरी वाफेचा दाब वाढवता येऊ नये. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार आहे. झडपेचे नियंत्रण कामाच्या घाईत असलेल्या माणसाच्या हातात ठेवायचे नाही, हे तिथे यंत्रातच ओतले गेले. आज अणुवीज केंद्रातल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या टोपीला तार गुंफून शिशाचे सील मारतात, त्यामागे तोच विचार आहे.

आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मुंबईत कावसजी दावर यांची कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली होती; पुढे गिरणगाव वाढले तसे धुराड्यांच्या पायथ्याशी बॉयलर वाढले आणि बॉयलर अटेंडंट नावाचा एक कसबी वर्ग तयार झाला. १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा या साऱ्यांवर जवळपास शंभर वर्षे चालला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी ब्रॉकटन गावातल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण गेले, तेव्हा कुठे मॅसॅच्युसेट्स राज्याने नियम केले आणि त्यातून अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता उभी राहिली. १९६३ मध्ये त्या संहितेत अणुऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग आला. म्हणजे तारापूरच्या झडपांना लागू होणाऱ्या नियमांची पाळेमुळे बुटांच्या कारखान्यात आणि कापडाच्या गिरणीत आहेत. अणुऊर्जा हे काहीतरी सर्वस्वी वेगळे शास्त्र आहे अशा समजुतीने दबून जाणाऱ्या वाचकाने हे लक्षात ठेवावे.

आता यंत्राकडे. साध्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये खाली नोझल असते, तिच्या तोंडावर, म्हणजे सीटवर, डिस्क बसते आणि वरून स्प्रिंग डिस्कला दाबून धरते. वाफेचा दाब गुणिले नोझलच्या तोंडाचे क्षेत्रफळ हा जोर स्प्रिंगच्या जोराइतका झाला की डिस्क हलू लागते. पण एवढ्यावर भागत नाही. नुसती तोल साधणारी डिस्क जेमतेम उचलली जाईल आणि सिसकारत बसेल. म्हणून डिस्कच्या कडेला ओठ ठेवलेला असतो. वाफ सुटायला लागली की ती त्या ओठाखालीही दाबते, क्षेत्रफळ एकदम वाढते आणि डिस्क फटकन वर उडते. याच कारणाने ती उघडल्या दाबाला मिटत नाही. दाब काही टक्के खाली उतरावा लागतो. या उतरणीला कारखान्यात ‘ब्लोडाऊन’ म्हणतात आणि नोझलभोवतीची कडी फिरवून ती लावतात. कडी चुकली तर व्हॉल्व्ह उघडझाप करत फडफडतो, सेकंदात कितीतरी वेळा सीटवर आपटतो आणि स्वतःलाच नव्हे तर आपल्या पाइपलाही तोडतो. पुढच्या बाजूच्या पाइपमधला उलटा दाब, स्प्रिंगचे तापमान, वाफेऐवजी पाणी येणे, या सगळ्यांनी हा तोल बिघडतो. गार नायट्रोजनवर टेबलावर लावलेला आकडा तापलेल्या वाफेवर जसाच्या तसा राहत नाही. त्याची दुरुस्ती हिशेबात धरावी लागते. नवख्याची चूक बहुतेक इथेच होते.

या साध्या घराण्याशेजारी आणखी घराणी उभी राहिली. पायलट व्हॉल्व्हमध्ये एक लहान झडप दाब ओळखते आणि मोठ्या झडपेला हुकूम देते. त्यामुळे मोठी झडप शेवटच्या क्षणापर्यंत घट्ट बसते आणि जागाही कमी लागते. काही व्हॉल्व्ह वीज किंवा हवेच्या दाबाने उघडतात, म्हणजे ते माणसालाही कंट्रोल रूममधून उघडता येतात. आणि काही ठिकाणी झडपच नसते, फाटणारी चकती असते. ती एकदा फाटली की मिटायचा प्रश्नच उरत नाही. स्प्रिंगचा पुरस्कार करणारे म्हणतात की जितके भाग कमी तितके बिघाड कमी. पायलटवाले म्हणतात की गळणारी स्प्रिंगची झडप स्वतःची सीट खाते आणि नको तेव्हा उघडते. दोघांचेही खरे आहे. लेखक स्प्रिंगकडे झुकलेला दिसतो. मी तेवढा ठाम नाही. कुठे बसवायची आणि कोण सांभाळणार, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही असे मला वाटते.

अणुभट्टीत या झडपेचे ओझे वाढते ते एका कारणाने. कोळशाची भट्टी विझवता येते. अणुभट्टीतली विखंडनाची साखळी थांबवली तरी इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता चालूच राहते. थांबवल्याच्या पहिल्या क्षणांत ती पूर्ण क्षमतेच्या सुमारे सहा टक्के असते आणि मग हळूहळू उतरते. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉट वीज देते, त्यासाठी आत सतराशेहून अधिक मेगावॉट उष्णता निघते. म्हणजे भट्टी ‘बंद’ केल्यावरही शंभर मेगावॉटच्या आसपास उष्णता क्षणभर तरी निघतच असते. तिला वाट हवी. ती वाट अडली की दाब चढतो, आणि दाब चढला की या झडपांची पाळी येते.

तारापूरच्या पाहुण्याला अणुभट्ट्यांची दोन घराणी एकाच आवारात पाहता येतात. पहिली आणि दुसरी भट्टी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या जातीची. तीत भट्टीतच वाफ होते. या जातीत जादा दाबाची वाफ सहसा पाण्याच्या मोठ्या तळ्यात सोडून निववतात. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या आणि तिसऱ्या भट्टीत जड पाणी दाबाखाली फिरते आणि आपली उष्णता बाष्पजनित्रातल्या साध्या पाण्याला देते. इथे जड पाण्याच्या बाजूला वेगळे रिलीफ व्हॉल्व्ह आणि वाफेच्या बाजूला वेगळे. वाफेच्या बाजूचे काही व्हॉल्व्ह वाफ थेट आकाशात सोडतात. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या, याच जड पाण्याच्या जातीच्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि पहिल्या भट्टीची सगळी वीज सुमारे सतरा तास गेली. तेव्हा तिथल्या माणसांनी बाष्पजनित्रांचा दाब वाफ सोडून उतरवला आणि डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी त्यांत पाणी घातले. दाब उतरला नसता तर ते पाणी आत गेलेच नसते. भारतीय अणुउद्योगातल्या तरुणांनी नरोराची ती रात्र पाठ करावी अशी आहे.

उघडण्याची चिंता सगळेच करतात. मिटण्याची चिंता जगाला उशिरा लागली. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत दाब चढला, वरचा रिलीफ व्हॉल्व्ह नेमाप्रमाणे उघडला, दाब उतरला, आणि तो मिटलाच नाही. कंट्रोल रूममधला दिवा सांगत होता की बंद होण्याचा हुकूम गेला आहे. व्हॉल्व्ह खरोखर मिटला की नाही हे तो दिवा सांगतच नव्हता. दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहत राहिले. भांड्यात पाणी भरपूर आहे असे समजून माणसांनी आत येणारे पाणीही कमी केले, आणि जवळपास अर्धे इंधन वितळले. सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की २४ सप्टेंबर १९७७ रोजी त्याच बनावटीच्या डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह असाच अडकला होता. तिथे भट्टी कमी शक्तीवर होती, वीसेक मिनिटांत कोणाच्या तरी लक्षात आले, अलीकडचा अडवणारा व्हॉल्व्ह बंद झाला आणि निभावले. ते प्रकरण कागदावर नोंदले गेले, अभियंत्यांनी इशारे लिहिले, पण थ्री माइल आयलंडच्या पाळीवरच्या माणसापर्यंत ते पोहोचले नाहीत.

थ्री माइल आयलंडच्या घटनेनंतर विचारांच्या दोन वाटा पडल्या. अमेरिकनांनी व्हॉल्व्ह मोठ्या चाचणीकेंद्रांत नेऊन वाफ, पाणी आणि दोन्हींचे मिश्रण सोडून तपासले आणि व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवणारी खूण कंट्रोल रूममध्ये सक्तीची केली. फ्रेंचांनी व्हॉल्व्हची जोडी एकामागे एक बसवली: एक उघडायचा, दुसरा एरवी उघडाच असतो आणि पहिला अडकला तर दाब उतरताच आपणहून मिटतो. पहिल्या वाटेत चाचणीवर आणि माणसाच्या नजरेवर भर, दुसरीत रचनेवर. लेखकाने दोन्ही मांडल्या आहेत आणि पक्ष घेतलेला नाही. मला फ्रेंच वाट जास्त पटते. पहाटे चार वाजता दिवा वाचणाऱ्या माणसावर शेवटचा भार टाकू नये.

कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात १० डिसेंबर १९९४ रोजी जे झाले ते आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांसाठी अधिक जवळचे आहे. तिथे एका रिलीफ व्हॉल्व्हचा डायफ्रॅम निकामी झाला आणि व्हॉल्व्ह उघडला. जड पाणी ज्या टाकीत जमा होते ती भरली, तिचे स्वतःचे व्हॉल्व्ह उघडले, फडफडू लागले, आणि त्या हादऱ्यांनी त्यांच्याकडे जाणारा पाइप तडकला. आणीबाणीचे शीतन वापरावे लागले. एका डायफ्रॅमपासून तडकलेल्या पाइपपर्यंतची ही साखळी नव्या अभियंत्याने कागदावर काढून पाहावी. व्हॉल्व्ह एकटा तपासून चालत नाही, त्याच्या पुढचा आणि मागचा पाइपही त्याच प्रश्नाचा भाग आहे, हे तिथे दिसते. अमेरिकेत क्वाड सिटीज केंद्रात भट्टीची क्षमता वाढवल्यावर वाफेचा वेग वाढला, वाफेच्या पाइपमध्ये ध्वनीचा अनुनाद निर्माण झाला आणि त्या कंपनांनी रिलीफ व्हॉल्व्हचे भाग झिजले. व्हॉल्व्ह तेच होते. आजूबाजूचे बदलले होते.

मग मार्च २०११. जपानमधल्या फुकुशिमाच्या दुसऱ्या भट्टीत १४ मार्चला शीतनाचा पंप थांबल्यावर अग्निशमन गाडीचे पाणी आत घालायचे होते, आणि त्यासाठी आधी भट्टीचा दाब उतरवायचा होता. दाब उतरवणारे व्हॉल्व्ह उघडायला विजेची गरज, आणि वीज सुनामीने नेलेली. माणसांनी मोटारींच्या बॅटऱ्या जोडून ते व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न केला, आणि त्यात मोलाचा वेळ गेला. दाब वाढला की आपोआप उघडणे वेगळे आणि हवा तेव्हा उघडता येणे वेगळे. दोन्हींची खात्री वेगवेगळी द्यावी लागते. फुकुशिमानंतर भारतातल्या केंद्रांचीही फेरतपासणी झाली आणि बाहेरून पाणी घालण्याच्या जोडण्यांची सोय करण्यात आली.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे, म्हणजे तपासणीकडे.

शटडाऊनमध्ये व्हॉल्व्ह काढून टेबलावर येतो. कसबी माणसाचा हात आधी तो पुसायला जातो, सीट साफ करायला जातो. नेमके तेच करायचे नाही. पहिली चाचणी तो जसा सापडला तसाच घ्यायची, आणि आलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा. गेल्या काही वर्षांत तो खऱ्या कामाच्या वेळी कसा वागला असता, हे फक्त त्या एका आकड्यात असते. लॅपिंग करून, नवी डिस्क घालून, स्प्रिंग लावून आलेला दुसरा आकडा पुढच्या काळाचे वचन आहे; पहिला आकडा ही मागच्या काळाची साक्ष. दुसरा चांगला आला म्हणून पहिला सोडून देणे म्हणजे साक्षच पुसणे. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची चाचणीची संहिता याच आकड्यावर उभी आहे. सुरक्षेच्या पहिल्या वर्गातले सगळे व्हॉल्व्ह पाच वर्षांत तपासायचे, त्यांपैकी किमान वीस टक्के दर चोवीस महिन्यांत. जसा सापडला तसा आकडा ठरलेल्या दाबाहून तीन टक्क्यांपेक्षा दूर आला तर अशा प्रत्येक व्हॉल्व्हमागे त्याच गटातले आणखी दोन तपासायचे. एकाचे दुखणे इतरांनाही असू शकते, हा त्यामागचा धडा.

असे समान दुखणे खरोखर असते. उकळत्या पाण्याच्या काही भट्ट्यांत पायलट व्हॉल्व्ह वारंवार ठरल्यापेक्षा जास्त दाबाला उघडताना सापडले. कारण शोधता शोधता कळले की किरणांमुळे पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, तो वाफेबरोबर पायलटच्या बंद कोपऱ्यात साचतो, आणि स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची डिस्क आणि सीट यांच्यामध्ये ऑक्साइडचा थर धरून दोघांना जखडतो. वेगळे मिश्रधातू वापरून पाहिले गेले; प्लॅटिनमचा पातळ मुलामा देऊन तो वायू तिथेच पुन्हा पाण्यात बदलायची युक्ती निघाली. पाच-सहा व्हॉल्व्ह शेजारीशेजारी आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो, पण सगळे एकाच रोगाने जखडले तर त्यांची संख्या फुकट जाते. रोग वाफेतूनच येतो असेही नाही. एकाच चुकीच्या गेजवर, एकाच माणसाने, एकाच आठवड्यात सगळे व्हॉल्व्ह लावले तर चूकही सगळ्यांत सारखी उतरते. म्हणून गेजची तपासणी व्हॉल्व्हच्या आधी, आणि शक्य तिथे वेगवेगळ्या व्हॉल्व्हला वेगवेगळे हात. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून त्याला लावलेला गॅग काढायचा राहून गेला, तर पुढचे सगळे शास्त्र व्यर्थ. गॅगची संख्या मोजून द्यावी आणि मोजून घ्यावी, एवढे साधे काम हजारो तासांच्या गणितापेक्षा अधिक रक्षण करते.

जसा सापडला तसा तपासण्याला विरोधी अडचणही खरी आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे. किरणोत्सारी वाफेत राहिलेला व्हॉल्व्ह न पुसता चाचणीला घेतला तर काम करणाऱ्याला किरणांचा डोस बसतो. निर्मलन आधी की चाचणी आधी, हा वाद टेबलावर रोज होतो. काही केंद्रे बाहेरचा भाग निर्मल करून सीटला हात न लावता चाचणी घेतात. काही जागेवरच, चालू वाफेवर, वरून जलदाबाने स्प्रिंगला हात देऊन आकडा काढतात. जागेवरच्या चाचणीत डोस कमी, पण पूर्ण उघडणे आणि मिटणे दिसत नाही. पुस्तकात हा भाग थोडक्यात उरकला आहे. मला तो दुप्पट हवा होता, कारण डोस मोजणारा टीएलडी बिल्ला लावून काम करणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा हिशेबही याच विश्वासार्हतेत मोडतो.

हे आत्ताच का वाचावे? फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे लक्ष्य जाहीर केले. गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा मोठ्या भट्ट्यांचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे, आणि त्याच बनावटीच्या फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिल केंद्राच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर तिथल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये गंभीर प्रश्न विचारले होते. दुसरीकडे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. नव्यासाठी हजारो सुटे भाग लागतील, जुन्यासाठी ज्यांचे मूळ उत्पादक उरले नाहीत असे. हे काम मोठ्या कंपन्यांकडून उतरत उतरत छोट्या गाळ्यांपर्यंत येते. गाळ्यातल्या फिटरला सीटचा सपाटपणा प्रकाशाच्या पट्ट्यांवर का मोजायचा हे कळले नसेल, तर वरच्या सगळ्या सह्या कागदावरच राहतील.

आणखी एक वर्ग आहे, त्याचा विसर पडू नये. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आजूबाजूच्या किनाऱ्यावर मच्छीमार आहेत, आत आदिवासी पाडे आहेत. या लोकांना भट्टीविषयी एकतर ‘काही होत नाही’ असे सांगितले जाते, नाहीतर ‘सगळे संपणार’ असे. दोन्ही उत्तरांत त्यांना प्रश्न विचारायला जागा नाही. किती व्हॉल्व्ह काढून तपासले, जसे सापडले तसे किती मर्यादेत होते, मर्यादेबाहेरच्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे काम हेच प्रश्न केंद्राला विचारण्याचे आहे. नागरिकांनी ते मराठीतून विचारले आणि त्यांना मराठीतून उत्तर मिळाले, तर मंडळाचाही हात बळकट होईल.

लेखकाने कारखान्यात चालतात तेच शब्द वापरले आहेत. व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह, लॅपिंगला लॅपिंग. परिभाषेचा सोस धरला नाही, हे फार बरे झाले. गणित आहे, पण जिथे त्याच्यावाचून अडते तिथेच. संभाव्यतेच्या हिशेबाला, म्हणजे अणुभट्ट्यांच्या धोक्यांवरच्या १९७५ च्या अमेरिकन रॅस्मुसेन अहवालापासून रुजलेल्या पद्धतीला, लेखक काहीशा संशयाने पाहतो. त्याचे म्हणणे असे की दर हजार वेळांत एकदा न उघडण्याचा आकडा माणसाला झोप देतो. मला उलटे वाटते: छोट्या गळत्या आणि अडकलेले व्हॉल्व्ह हे मोठ्या पाइपच्या फुटण्यापेक्षा अधिक चिंतेचे आहेत, ही बाब त्या अहवालाने थ्री माइल आयलंडच्या आधीच दाखवली होती, ती ऐकली गेली नाही, हा दोष गणिताचा नाही. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपले मत करावे.

एक विनंती करून थांबतो. हे पुस्तक वाचणारे जे कोणी टेबलावर व्हॉल्व्ह तपासतात, त्यांनी ते पेन्सिल घेऊन वाचावे. आपल्याकडची पद्धत जिथे वेगळी आहे तिथे खूण करावी, कारण लिहावे आणि ते लेखकाला कळवावे. दुसरी आवृत्ती त्या खुणांमधून तयार व्हावी अशी त्याची इच्छा आहे. आणि पुढचा व्हॉल्व्ह टेबलावर आला की फडके बाजूला ठेवून आधी तो जसा आहे तसा तपासावा, आलेला आकडा कितीही अडचणीचा असला तरी शाईने लिहावा.